अंगावर शिजलेलं अत्तर

आल्मेरे या डच गावातल्या आमच्या घरात कोट वरच्या मजल्यावर राहायचे. गल्लीतल्या बाकी घरांत दारातून आत शिरलं की लगेच भिंतीला खुंट्या आणि त्यांवर कोट, अशी साधी रीत होती. आमचे मात्र जिना चढून माझ्या खोलीत, आणि खोलीचं दार घट्ट लावलेलं. कारण फोडणी. स्वयंपाकघर बैठकीला लागून उघडंच होतं, मधे ना भिंत ना दार. आईने हिंग-मोहरी टाकली की तो वास बघता बघता सगळं घर फिरून यायचा, आणि लोकरीच्या कोटात एकदा शिरला की थंडी संपेपर्यंत मुक्काम हलवायचा नाही. शाळेत मला त्यावरून कुणी काही बोललं होतं असं नाही. पण त्या वयात कुणी बोलेपर्यंत थांबतं कोण, आपणच आधी घाबरून घेतो. सकाळी सायकल काढण्याआधी मी कोटाची बाही नाकाला लावून बघायची, आणि आई ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून म्हणायची, "हुंगून झालं असेल तर डबा उचल."

आमच्या वर्गातल्या झाडून सगळ्या मुली तेव्हा एकच सुगंधी फवारा मारायच्या, गुलाबी झाकणाचा, व्हॅनिला आणि कसल्याशा फळाचा. माझी मैत्रीण फेम्के तो मारून आली की बेकरीचं दार उघडल्यासारखं वाटायचं. बाबांच्या मागे लागून मी तोच आणवला, आणि माझ्या अंगावर तो यायला लागला केळं घातलेल्या, द्रोणात उरून राहिलेल्या शिऱ्यासारखा. आम्ही दोघींनी एकाच बाटलीतून मनगटांवर मारून बघितला, तरी तेच. फेम्केला आधी वाटलं होतं माझी बाटली नकली आहे. आता मला वाटलं मीच नकली आहे. घरी येऊन मी रडले ते कुणाला कळू नये म्हणून न्हाणीघरात नळ सोडून रडले, आणि बाहेर आले तर दारात आजी उभी. "पाणी एवढं का वाया घालवतेस?" तिने विचारलं, आणि मग माझं मनगट धरून खुशाल हुंगलं.

आजी म्हणजे आईची आई. इचलकरंजीच्या मराठी शाळेत जन्मभर पहिली-दुसरीची पोरं हाकलेली बाई. त्या उन्हाळ्यात ती आमच्याकडे राहायला आली होती आणि माझ्या खोलीत, माझ्याच पलंगाला लावलेल्या गादीवर झोपायची. तिला आमच्या गावात सगळं आवडलं होतं, कालवे, बदकं, बाजारातला मासेवाला, ज्याच्याशी ती सरळ मराठीत घासाघीस करायची आणि तोही हसत एखादा तुकडा जास्त टाकायचा. फक्त झोप येत नव्हती. "इथं आवाजच नाही गं," ती म्हणायची. आयुष्यभर शेजारच्या यंत्रमागांच्या खडखडाटात झोपलेली बाई ती, शांतता झाली की तिला वाटायचं कुठेतरी काहीतरी बंद पडलंय. शेवटी बाबांनी तिला टेबलावरचा पंखा आणून दिला. तो वाऱ्यासाठी नव्हता, घरघरीसाठी होता.

सकाळी अंघोळ करून आली की ती ट्रंकेतून छोटी बाटली काढायची. मिरजेहून आणलेलं हीना अत्तर. काचेचं बूच टिचकन निघायचं, कापसाचा फाया बुडायचा, कानाच्या वळचणीत जायचा, आणि बोटाला राहिलेलं ती हाताच्या पाठीवर पुसायची. मला लावायला आली की मी हात मागे घ्यायची, शाळेत जायचं असायचं ना. बाटलीत नाक घातलं तर ते हीना जड आणि काळपट होतं, समईच्या काजळीसारखं. पण आजीच्या अंगावर थोडा वेळ गेला की त्याचं काहीतरी वेगळंच व्हायचं. भाजलेल्या तिळासारखा गोडसर, उबदार वास यायचा. तो तिच्या पदराला होता, उशीला होता, ती माझ्या केसांवरून हात फिरवायची तेव्हा केसांना होता. माझ्या नकली फवाऱ्याची कहाणी ऐकून ती म्हणाली, "अगं सयू, बाटलीत नुसता शिधा असतो. शिजतं ते अंगावर. तुझी चूल वेगळी, तिची वेगळी." एवढं शास्त्र मला पुढे शाळेतही कुणी इतक्या सोप्या शब्दांत सांगितलं नाही. त्वचेचं तेल, घाम, खाणं, वय, असलं बरंच काही नंतर वाचलं, पण वाचताना समोर दिसायची ती चूलच.

पुढच्या वर्षी सगळ्या जगाला घरात कोंडणारी ती साथ आली. ती आठवणारी माणसं आता विरळ होत चालली आहेत. माझ्या नातवंडांना मी सांगते तेव्हा त्यांना वाटतं आजी जरा वाढवून सांगतेय. आईला ताप आला आणि ती वरच्या खोलीत दार लावून राहिली. बाबा तिचं ताट दाराबाहेर ठेवून खाली यायचे आणि जिन्याच्या पायथ्याशी उभे राहून ताट आत गेल्याचा आवाज ऐकायचे. त्या तापातच इचलकरंजीहून नंदामावशीचा फोन आला. आजी गेली होती. साथीने नाही, झोपेत. हृदय थांबलं. आईला उठून बसवत नव्हतं, तर ती विमानात कुठून बसणार. मावशीच्या यजमानांनी फोन धरून सगळं दाखवलं. आई दाराच्या आत बघत होती, आम्ही दोघं दाराच्या बाहेर उभे राहून ऐकत होतो. ऐन वेळी चित्र अडकलं. आई आतून म्हणत राहिली, "हॅलो? नंदा? हॅलो?" आणि बाबा दारावर हात ठेवून उभे राहिले. दार उघडायचं की नाही हे त्यांना ठरवता येईना. मी त्यांना त्याआधी कधी असं हात नुसता ठेवून उभं राहिलेलं बघितलं नव्हतं.

ताप उतरला आणि आई खाली आली ती नाकाशिवाय. कॉफी म्हणजे नुसतं कडू गरम पाणी, वरण म्हणजे पिवळं काहीतरी. हाउसआर्ट्स, म्हणजे आमच्या इथले नेहमीचे डॉक्टर, फोनवर म्हणाले की पुष्कळांचा वास परत येतो, धीर धरा आणि रोज चार ओळखीच्या वस्तू हुंगत जा. आईने डब्यांमध्ये लिंबाची साल, लवंग, कॉफी आणि हिंग ठेवलं आणि रोज सकाळी खिडकीशी बसून एकेक डबा नाकाशी धरायला लागली. डोळे मिटलेले, भुवया जवळ आलेल्या, जशी काही दूरवरून कुणी हाक मारतंय आणि नीट ऐकू येत नाहीये. मग झाकण लावून म्हणायची, "उद्या बघू."

त्या दिवसांत घराचं नाक मी झाले. "सई, खाली ये, फोडणी बघ." "सई, दूध नासलंय का?" "सई, माझ्या ब्लाउजला घामाचा वास येतोय का, खरं सांग." मी अभ्यास टाकून जिना उतरायची, हुंगायची, निकाल द्यायची, परत वर जायची. मीठ कधी दुप्पट पडायचं, लसूण कधी करपायचा. बाबा काही न बोलता जेवायचे, आणि आई त्यांच्या तोंडाकडे बघून अंदाज घ्यायची, आणि बाबांचं तोंड मुळातच असं की त्यावरून कशाचाच अंदाज येत नाही. मला मराठी सगळं समजायचं, पण बोलताना निम्मं डच आणि निम्मं इंग्रजी यायचं, आणि वासांना तर माझ्याकडे कुठल्याच भाषेत शब्द नव्हते. छान, घाण, स्ट्राँग, ओके. आई वैतागायची. "ओके म्हणजे काय? ओके हा काय वास आहे?"

बरी झाल्यावर तिने पहिलं काय केलं असेल तर मावशीला फोन लावला. स्पीकरवर होता, मी समोर बसले होते.

"नंदा, आईची नेसलेली साडी असेल ना एखादी? तशीच पिशवीत घालून ठेव. धुऊ नकोस गं."

मावशी म्हणाली, "ताई, दहाव्याला सगळं धुऊन काढलं ना. साड्या, चादरी, उशीचे अभ्रे. पलंगसुद्धा पुसून घेतला. सुतक फिटायचं म्हणजे..."

"हो हो," आई घाईघाईने म्हणाली. "बरोबर आहे. धुवायचंच असतं."

"तू आधी सांगितलं असतंस तर एखादी बाजूला ठेवली असती गं."

"अगं मी तापात होते."

दोघींपैकी कुणाचंही काही चुकलं नव्हतं. सुतकाचं घर जसं स्वच्छ करायचं असतं तसं मावशीने केलं होतं, आणि तिच्या जागी आई असती तर तिने दोन पाणी जास्तच काढली असती. म्हणूनच तिला रागावतासुद्धा येईना. फोन ठेवून ती म्हणाली, "माझ्या आईला धुऊन टाकलं गं." आणि उठून कणीक मळायला लागली.

मावशीला तिकडे चैन पडेना. विमानं सुरू झाल्यावर बाबांच्या ऑफिसातला एक जण गावी जाऊन आला, त्याच्याबरोबर तिने पुडकं पाठवलं. आत आजीची जांभळी नारायणपेठ, इस्त्री केलेली, आणि घडीच्या मधोमध तीच बाटली, तळाशी थोडं हीना उरलेली. साडीला मावशीने अत्तर लावून दिलं होतं, आपल्या परीने आजी परत बसवायचा प्रयत्न. आईने साडी माझ्या नाकाशी धरली. "आई येतेय का?" साबणाची पावडर येत होती, आणि तिच्यावर हीना, काळपट, बाटलीतलं. "नाही," मी म्हणाले, "फक्त बाटली येतेय." आईने मान हलवली आणि साडी कपाटात ठेवली. बाटलीच्या बुचावर तिने मेणबत्तीचं मेण ओतलं. आपलं नाक परत येईपर्यंत ती उघडायची नाही असं तिने ठरवलं होतं. तिचा हिशेब साधा होता. अत्तर तेच, कातडी लेकीची, म्हणजे आईचीच. नाक आलं की स्वतःला लावायचं आणि आईला भेटायचं.

नाक आलं नाही. रोज चार डबे, रोज "उद्या बघू". पुढे किती तरी वर्षांनी तिला लिंबू, पेट्रोल आणि देव जाणे का पण भिजलेला कुत्रा, एवढे तीन वास परत मिळाले, आणि पेट्रोल पंपावर ती गाडीची काच खाली करून बसायची. पण त्या वर्षी काहीच नव्हतं. वर्षश्राद्ध आलं. विधी इचलकरंजीत मावशीकडे होते. आमच्याकडे नुसता स्वयंपाक करून कावळ्याला पान ठेवायचं होतं. रविवार होता. आईने भाजणीचे वडे, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी आणि तांदळाची खीर करायला घेतली, आणि मला स्वयंपाकघराच्या बाहेर काढलं.

"आज नाक मधे घालायचं नाही. नैवेद्याचा वास घेत नाहीत आधी."

"पण तुला येत नाही ना? देन हू विल चेक?"

"कुणी नाही. आज कुणीच नाही."

मी सोफ्यावर जाऊन बसले. पण उघड्या स्वयंपाकघराच्या घरात बाहेर म्हणजे कुठे? वास घ्यायचा नाही म्हणजे काय, श्वास धरून बसायचं? थोड्या वेळाने खीर तळाला लागल्याचा वास आला. मी बाबांकडे बघितलं. त्यांनाही आला होता हे मला कळलं, कारण त्यांनी वर्तमानपत्र चेहऱ्यावर घेतलं. सांगावं तर वास घेतला असं होतं आणि न सांगावं तर आजीला करपलेली खीर जाते. शेवटी माझ्याने राहवेना. "आई, खीर."

आई पळाली. डाव फिरवून बघितला, तळ खरवडून आला. मग कंबरेवर हात ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मला वाटलं आता ओरडणार. पण तिला हसू फुटलं. "हुंगलीस ना शेवटी? तुझ्या आजीच्या आधी तूच जेवलीस." बाबाही वर्तमानपत्राच्या मागे हसायला लागले. त्या वर्षात आम्ही तिघं एकत्र हसलो असू तर तेव्हाच. वरची वरची खीर वाटीत काढून पान मागच्या छोट्या बागेत सायकलींच्या शेडवर ठेवलं. आमच्याकडे कावळे थोडे, त्यांची करड्या मानेची छोटी भावंडं फार. त्यातलं एक उतरलं, वड्याला चोच लावली, तेवढ्यात दोन समुद्रपक्षी आले आणि पान उधळून गेले. "शिवलं," बाबा ठामपणे म्हणाले. "आधी तो काळा शिवला. मी बघितलं."

आणि त्यानंतर, जेवायच्या आधी, आईने बाटली आणून टेबलावर ठेवली. सुरीने मेण खरवडायला लागली. "उडून जाईल नाहीतर," ती म्हणाली. "मला नाही येत तर नाही. तू आहेस ना. तू तिच्या शेजारी झोपलेली आहेस. तू ओळखशील."

तिने फाया केला, कानात ठेवला, हाताच्या पाठीवर पुसला, अगदी आजीसारखा, आणि अत्तर अंगावर चढेपर्यंत आम्ही तिघं टेबलाशी नुसतं बसून राहिलो. मग तिने हात पुढे केला. मी हुंगला. मला देवाशपथ हवं होतं की तो आजीचा निघावा. निघाला नाही. आंबूस होता, धातूच्या भांड्यासारखा. परत हुंगला.

"नाही?" आई म्हणाली.

"नाही."

"मग कसा आहे?"

"वेगळा. आय डोन्ट नो. थोडा... पितळ?"

"पितळ," आई म्हणाली. "नीट घे की. घाई करतेस तू. माझी आई आहे ती, माझ्या अंगावर कसा नाही येणार?" तिचा आवाज चढला. मी तिसऱ्यांदा घेतला, चौथ्यांदा घेतला, आणि प्रत्येक वेळी वर बघितलं तर तिचे डोळे माझ्या तोंडावर लागलेले. खोटं बोलता आलं असतं. पण ती माझ्या नाकावर वर्षभर जगत होती, दुधापासून ब्लाउजपर्यंत, आणि आता ते नाक खोटं आहे असं झालं तर तिच्याकडे उरलं काय असतं? मी नाही म्हणून मान हलवली. मग तिने बाबांचा हात ओढला आणि त्यांनाही लावलं. "अरे मंदार, तू सांग, तुझ्यावर कसा येतोय." बाबांनी स्वतःचाच हात हुंगला आणि बिचारे खरं बोलले, "लग्नाच्या हॉलसारखा." यावर हसावं की रडावं कुणालाच कळलं नाही. राहिलेला फाया तिने माझ्या हाताच्या पाठीवर पुसला, हळदीकुंकवाला आलेल्या बाईला लावावा तसा, लक्षही न देता, आणि "चला, पानं घ्या," म्हणून उठली.

जेवण झालं. आई पानं उचलायला लागली, बाबा भांड्यांना लागले. मी फोन बघत बसले होते, हातावर गाल टेकवून. आणि आजी आली. दुसरं मला काही सांगता येत नाही. भाजलेल्या तिळांचा तो उबदार वास, केसांवरून फिरणाऱ्या हाताचा, माझ्या स्वतःच्या हाताच्या पाठीवरून येत होता. मी हात दूर नेला, परत आणला. होता. फोन हातातून सुटला. मला आनंद व्हायला हवा होता, पण पहिल्यांदा वाटली ती भीती. हा माझ्याकडे का आला? मी तिला एक उन्हाळा ओळखलं धड, आणि समोर जी बाई ताट हातात घेऊन उभी होती तिने जन्मभर. मी हात टेबलाखाली घेतला. पण आईला माझ्या तोंडावरून अंदाज घ्यायची सवय लागलेली होती.

"काय झालं?"

मी हात मांडीवर दाबून धरला.

"सई. आला का?"

मी हो म्हणून मान हलवली. तिने ताट तसंच टेबलावर टेकवलं, टेकलं की नाही हेही न बघता. माझा हात टेबलाखालून काढून दोन्ही हातांत धरला आणि नाकाशी नेला. एकदा. मग चष्मा काढून परत. नाक माझ्या हातावर दाबून, हात तोंडावर पसरून, खोल, आवाज करत, जसं पाण्यातून वर आलेलं माणूस श्वास घेतं. माझ्या हाताला तिचा श्वास गरम लागत होता, मग गार, मग गरम. मागे नळ चालू होता. बाबा तो बंद करायचं विसरले होते. "येतंय?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही," आई माझ्या हातातच म्हणाली. "काहीच नाही."

तिने हात सोडला नाही. काही वेळाने विचारलं, "अजून आहे?"

"आहे."

"तसाच?"

"तसाच, आई." मला मराठीत सांगायचं होतं कसा ते, तिळांचं, उन्हाचं, पदराचं, आणि एकही शब्द सापडत नव्हता. आज हे लिहिताना ते शब्द आहेत, पण आज विचारणारी ती नाही. मी नुसतीच "तसाच, तसाच," म्हणत राहिले.

ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली. माझा हात उचलून तिने माझ्याच नाकाशी लावला आणि वरून आपला हात ठेवला.

"तू घे मग," ती म्हणाली. "जाईपर्यंत घे. माझ्या वाटणीचासुद्धा."

मी डोळे मिटले आणि घेतला. तो कमी होत होत नाहीसा झाला तोवर घेत राहिले, आणि दर श्वासाला ती माझ्याकडे बघत होती, आणि तिला द्यायला माझ्याकडे त्यातलं काहीच नव्हतं.